नॉमिनीच्या चार ओळी

अख्खं कुरखेडा मला 'पोस्टातली बाई' म्हणतं. मी पोस्टात एक दिवसही नोकरीला नव्हते. मी अल्पबचत एजंट. म्हणजे लोकांच्या घरी जायचं, पैसा कुठे ठेवायचा ते समजावायचं, फॉर्म भरायचा, खिडकीपुढे रांगेत उभं राहायचं आणि पासबुक ज्याचं त्याच्या हातात नेऊन द्यायचं. त्याचं सरकार थोडं कमिशन देतं. पगार नाही, रजा नाही आणि पेन्शन तर नाहीच. दुनियेला म्हातारपणाची सोय सांगत फिरले आणि माझी स्वतःची सोय म्हणजे अंगणातली दोन सीताफळाची झाडं. हे मी अठ्ठावीस वर्षं केलं. गुडघे गेले तेव्हा परवाना परत केला.

अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "बाई, चार गमतीचे अनुभव लिहा आणि आजच्या पोरांनी पैसा कुठे ठेवावा, अ‍ॅपवर की पोस्टात, तेही सांगा." गमतीचे अनुभव पुष्कळ आहेत. एक सांगते. त्यानंतर जे सांगणार आहे ते गमतीचं नाही, आणि ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.

माझ्याकडे एक पुठ्ठा होता. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी स्केचपेनने रकाने आखले होते. बँकेतली मुदत ठेव, दर महिन्याची आवर्त ठेव, पंधरा वर्षांचं पीपीएफ, आणि सगळ्यात शेवटी म्युच्युअल फंड. प्रत्येकाच्या पुढे चार गोष्टी लिहिलेल्या : व्याज किती, पैसा मधे निघतो का, बुडण्याची भीती किती, आणि कर लागतो का. व्याजाचा रकाना पेन्सिलने लिहायची, कारण सरकार दर तीन महिन्यांनी तो आकडा नव्याने ठरवतं. कराच्या रकान्यात पीपीएफसमोर मी लाल खूण केली होती. भरताना सूट, व्याजावर कर नाही, शेवटी हातात येणाऱ्या रकमेवरही कर नाही. अशी तिहेरी माफी दुसऱ्या कशाला नव्हती, म्हणून ती खूण मी चांगली जाड काढली होती. लोकांची नजर पहिली तिच्यावरच जायची.

आता कुमरे गुरुजींची गोष्ट. हे आमच्या बाजूच्या केंद्रशाळेत होते. मार्च महिना लागला की गुरुजींना घाम फुटायचा. पगारातून कर कापला जाणार, तो वाचवायचा, आणि अकरा महिने हे विसरलेले. शेवटच्या आठवड्यात धावत यायचे, पीपीएफमध्ये रक्कम टाकायचे आणि वर मलाच झापायचे, "बाई, तुम्ही आठवण नाई देत." मी एप्रिलमध्ये आठवण द्यायची. एप्रिलमध्ये ते म्हणत, "अजून लय टाइम आहे न."

मग गुरुजींच्या हातात मोठा मोबाइल आला. एका वर्षात त्यांनी गुंतवणुकीची तीन अ‍ॅपं घेतली आणि तिन्हींची तुलना करायला माझ्या ओसरीत येऊन बसले. यात खातं फुकट निघते, त्यात दर व्यवहाराला कमी पैसे कापतात, तिसऱ्यात हिरव्या-लाल रेघा चांगल्या दिसतात. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, अ‍ॅप हे दुकान आहे. दुकान झकपक आहे की मोडकं, यापेक्षा तुम्ही तिथून माल काय घेता ते बघा. तांदूळ एकच असेल तर कोणत्याही दुकानातून आणा, भात तोच शिजतो. फक्त दुकानदार मधे किती खातो आणि माल परत करायला गेलात तर कटकट करतो का, एवढं विचारा. आणि माझ्यासारख्या मधल्या माणसाला टाळून थेट घेतलंत तर खर्च कमी पडेल. माझ्या पोटावर पाय येतो हे मला कळत होतं, पण मी ते सांगितलं. आपला तसा एक माज होता.

गुरुजींनी थेट घेतलं. रोज सकाळी परिपाठाआधी फोन बघायचे. रेघ वर गेली की पोरांना खेळायला सोडत, खाली गेली की पाढे म्हणवून घेत. शाळेतली पोरं गुरुजींचं तोंड बघून बाजार ओळखायची. मग एकदा बाजार सपाटून पडला. गुरुजींनी दोन दिवसांत घाबरून सगळं विकलं. वर्षाच्या आत तो परत वर आला, आणि गुरुजी माझ्याकडे येऊन बराच वेळ पाणीच पीत बसले.

त्या दिवशी मी त्यांचा फोन हातात घेतला आणि विचारलं, "यात नॉमिनी कोण टाकला?" नॉमिनी म्हणजे आपल्यामागे पैसा कोणाच्या हातात द्यायचा त्याचं नाव. तिन्ही अ‍ॅपांत गुरुजींनी एकच बटण दाबलं होतं. 'नंतर भरा.'

मी इतकी चिडले की गुरुजी दचकले. माझ्या ओसरीत बसून, माझ्याच पुढ्यात त्यांच्या बायकोचं नाव तिन्हीकडे टाकून घेतलं. ते म्हणाले, "बाई, एवढं काय झालं?" काय झालं होतं ते त्यांना सांगितलं नाही. कोणालाच नाही. ते आता सांगते.

पीपीएफवर एजंटाला पूर्वी कमिशन मिळायचं. मग सरकारने ते बंद केलं. बाकीच्या एजंटांनी त्याचं नाव घेणं सोडलं, मी सोडलं नाही. ज्यात एक पैसा सुटत नाही तेच खातं मी सगळ्यात जास्त सांगायची, आणि सांगताना हेही सांगायची की मला यात काही मिळत नाही. लोकांचा विश्वास बसायचा. माझाही माझ्यावर बसायचा.

कुरखेड्यापासून बसने दीड तास आणि पुढे पायी, असं जंगलातलं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या बायका आहेत तिथे. गोंडांचं गाव. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान. तिथल्या बाराजणी एका जून महिन्यात माझ्या ओसरीत येऊन बसल्या. तेंदूचे पैसे हातात आले होते. प्रत्येकीने आपल्या वाट्यातला सारखाच भाग बाजूला काढून एका फडक्यात बांधला होता.

त्यांना शेड बांधायची होती. मोहफुलांची शेड. बाहेरच्यांना सांगते : मोह पडतो चैत-वैशाखात. वाळवला की तेव्हाच व्यापाऱ्याला विकावा लागतो, कारण घरात ठेवायला कोरडी जागा नसते आणि ओल लागली की किडे पडतात. विकताना भाव पडलेला असतो. तोच मोह पावसाळ्यात दीडपट-दुप्पट भावाने जातो. म्हणजे एक उंच जोत्याची, चांगल्या छताची शेड असली तर सगळ्या गावाच्या बायकांचा उन्हाळा बदलला असता. सरकारी योजनेची वाट पाहून त्या थकल्या होत्या. म्हणून ठरवलं, आपणच बांधू. सहा-सात वर्षं लागतील तर लागतील.

त्यांच्यात बोलणारी होती फुलाबाई. तिला कोणी म्होरकी म्हटलेलं आवडत नसे. ती म्हणाली, "बाई, मागं एक कंपनीवाला आला होता. पाच सालात डबल देतो म्हणे. तो गेला पैसे घेऊन. बचत गटाच्या खात्यातून तं कर्जाचा हप्ताच कटते. मोबाइलवर बी टाकतात म्हणे आता. तुमी सांगा, कुठी ठेवाचं की कोनाचाच हात नाई पोचला पाह्यजे."

मी पुठ्ठा काढला. एकेक रकाना वाचून दाखवला. पीपीएफवर आले तेव्हा सांगितलं की यातला पैसा कोर्टसुद्धा कोणाच्या देण्यापायी जप्त करत नाही, आणि यावर कर नाही. फुलाबाईने लाल खुणेवर बोट ठेवलं. "हे काय होय?" मी म्हटलं, "यातून सरकार काही घेत नाही." बाराजणी एकमेकींकडे बघून हसल्या. सरकार काही घेत नाही अशी गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असावी.

इथे माझी पहिली चूक. त्या बायकांना मुळात कर लागतच नव्हता. ज्यांना करच नाही त्यांना मी करमाफी समजावून सांगत होते. ती लाल खूण गुरुजींसारख्या पगारदारांसाठी काढलेली होती, आणि मी ती यांच्यासमोर तशीच धरली. तिघींच्या नावाने मिळून निघणारी पोस्टाची साधी बचत प्रमाणपत्रंही तेव्हा होती. पाच वर्षांत पैसा हातात आला असता. पण मला त्या खात्याचं इतकं वेड होतं की दुसरं काही सुचलं नाही.

"मंग बाराजणीच्या नावानं काढा," फुलाबाई म्हणाली.

"तसं निघत नाही. हे खातं एकाच माणसाचं असतं."

"आमच्या गटाच्या नावानं?"

"गटाचंही नाही. पाहिजे तर बाराजणी बारा खाती काढा."

"मंग तो बाराघरचा पैसा झाला, शेडचा नाई झाला. जिच्या घरी दुखणं आलं ते काढाले येईन. तिले नको काढू म्हून कोण म्हणन?"

हे बरोबर होतं. त्या उठून सीताफळाखाली गेल्या. अर्धा तास गोंडीत बोलल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, सोमीच्या नावानं काढा.

सोमीबाई त्यांच्यातली सगळ्यात गप्प. चाळिशीची विधवा, मूलबाळ नाही. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून सही करायची आणि सही करताना जीभ दातांत धरायची. मी विचारलं, हिचंच नाव का? फुलाबाई म्हणाली, "तिले नवरा नाई, पोरगा नाई, लेक नाई. पैसा मांगाले घरी कोनी नाई. तिच्याजवळ ठेवला म्हंजे आमच्यापाशीच राह्यला." त्यांच्या गावात सामाईक वस्तू अशीच ठेवतात. ढोल असो, सणाची भांडी असोत, ज्याच्या घरी ओढ नाही त्याच्याकडे. कित्येक पिढ्या त्यात कोणाचं काही बुडालेलं नाही.

हे खातं स्वतःच्या पैशासाठी असतं, दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर ठेवायला नसतं. मला ते माहीत होतं. मी फॉर्म भरला, सोमीने जीभ दातांत धरून सही केली.

शेवटी नॉमिनीचा रकाना आला. त्यात चार ओळी होत्या. चार नावं लिहिता येत होती.

मी म्हटलं, चौघींची नावं सांगा. मग एक म्हणाली, "चार लिवाल तं आठजणी काय परक्या झाल्या?" दुसरी म्हणाली, फुलाबाईचं एकटीचं लिहा. फुलाबाईच नको म्हणाली. एकीला मेल्यावरचं बोलणं आधी लिहून ठेवणंच पटत नव्हतं. त्यांच्यात हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं एक झालं तरच ठरतं, नाही तर गोष्ट पुढच्या बैठकीवर जाते. ही पुढे गेली. फुलाबाई म्हणाली, "बाई, सध्या तसंच राहू द्या. मत जुळलं का सांगतो."

मी त्या चार ओळी कोऱ्याच ठेवल्या. खिडकीवरच्या माणसाने विचारलं तर मीच म्हटलं, नंतर भरतील.

ते वर्ष धरून सहा वर्षं जून लागला की त्या यायच्या. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, पैसा महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरला तर त्या महिन्याचं व्याज धरतात, नंतर आला तर तो महिना वाया जातो. ती पाच तारीख त्यांनी इतकी मनावर घेतली की एका वर्षी चक्रीवादळासारखा पाऊस होता तरी चार तारखेला भिजून हजर. बाकीच्या बदलत्या, सोमी मात्र दर वेळी असायची. पानाच्या दोण्यात चारोळी आणायची. पासबुक हातात दिलं की आकड्याकडे बघून एकच विचारायची, "बाई, टिना किती झाल्या?"

म्हणजे एवढ्या पैशात छताचे पत्रे किती येतील. पहिल्या वर्षी मी हसले. मग दर जूनला तिच्या येण्याआधी हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याचा भाव विचारून ठेवायला लागले. तिसऱ्या वर्षी पत्र्याचा भाव असा चढला की आदल्या वर्षापेक्षा आमची एकच टिन वाढली. ती म्हणाली, "व्याज तं लागलं न? मंग टिना काऊन नाई वाढल्या?" महागाई म्हणजे काय ते मी कितीतरी लोकांना समजावलं, पण इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नाही.

आणि दर जूनला मी नॉमिनीचं काढायची. "मत जुळलं का?" त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. "नाई जुळलं बाई." मीही हसायची. दुसरी एजंट असती तर तिने चार नावं ठोकून दिली असती आणि वर दम दिला असता. मला त्यांची ती रीत आवडायची. आमच्या घरात सगळं एकाच्या ओरडण्याने ठरायचं, म्हणून असेल.

सहाव्या वर्षी पैसे भरले तेव्हा मी सोमीला सांगितलं, पुढच्या एप्रिलपासून काही भाग काढता येईल. छतापुरतं होईल. भिंती पुढच्या वर्षी. तिने पासबुक पदरात बांधलं आणि म्हणाली, "छत झालं तं भिंती कुडाच्या बी चालन."

भाद्रपदात सोमी मलेरियाने गेली. ताप डोक्यात गेला. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणली तोवर संपलं होतं.

दहा-बारा दिवसांनी अकराजणी माझ्या ओसरीत आल्या. पासबुक फुलाबाईकडे होतं. ते तिने माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आता दुसऱ्या कोनाच्या नावानं करून द्या." त्यांना वाटत होतं, ढोल एका घरून दुसऱ्या घरी जातो तसंच हे.

मी त्यांना सांगितलं की नॉमिनी नसला तर पैसा वारसाला जातो. त्या म्हणाल्या, तिला वारस कुठे आहे? वारस होता. सोमीच्या दिराचा मुलगा, पोंभुर्ण्याकडे ट्रॅक्टर चालवायचा. तिने त्याला लहानपणी पाहिलं होतं, नंतर येणं-जाणं नव्हतं. घरी कोणी नाही म्हणून तिला निवडली, आणि कायद्याच्या नजरेत कोणी नाही असा माणूसच नसतो.

मी गडचिरोलीला एका वकिलाकडे गेले. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, बायकांना म्हणावं लागेल की हा पैसा आमचा होता, गेलेल्या बाईने सरकारला खोटं लिहून दिलं. मग प्रश्न येईल, हे ठाऊक असून फॉर्म कोणी भरला? तुमचा परवाना जाईल बाई. तेवढ्यावर थांबलं तर नशीब समजा.

परवाना म्हणजे माझं घर चालत होतं. नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगते.

दिवाळीनंतर पुतण्या आला. मी मनात एक लबाड माणूस धरून बसले होते. आला तो तिशीतला, हातावर ग्रीसचे डाग, बोलायला नरम. त्याला गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या, सोमी त्याची काकू होती म्हणून. सह्या द्यायला फुलाबाई आणि आणखी तिघी माझ्याच ओसरीत बसल्या होत्या. तो माझ्याकडे वळला.

"बाई, गावात कोनी म्हणते हा पैसा काकूचा नोहता. बायांचा होता म्हणते. फॉर्म तुमी भरला. तुमी सांगा, कोनाचा पैसा?"

मी म्हटलं, "कागदावर सोमीबाईचा आहे."

"कागद मले वाचता येते. मी तुमाले इचारून राह्यलो."

आजही मला वाटतं, तो खरंच विचारत होता. मी खरं सांगितलं असतं तर त्याने कदाचित निम्मा दिला असता. कदाचित सगळाच. कदाचित काहीच दिलं नसतं आणि माझी तक्रार केली असती. ते मला कधीच कळणार नाही, कारण मी बोलले नाही. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. तो भिंतीला टेकवलेला होता, लाल खूण वर. मग म्हटलं, "सही त्यांचीच आहे."

चौघी माझ्याकडे बघत होत्या. फुलाबाईने माझ्यावरून नजर काढली आणि त्याला म्हणाली, "सोमीचाच होता." आणि साक्षीदाराच्या ओळीवर अंगठा उठवला. दुसरा अंगठा तिच्या शेजारणीने दिला.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, असं का म्हणालीस. ती म्हणाली, "सोमी खोटी होती असं म्या माया तोंडानं कशी सांगू? मेली तं का झालं, आमचीच होय न. अन् तुमी नाई सांगतलं, म्हंजे तुमचं बी काई असन." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. तिने अंगठा उठवला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मी चहा टाकायला आत गेले. लाज नंतर आली. रात्री की दुसऱ्या दिवशी, तेही आठवत नाही. पण आधी सुटका वाटली, आणि हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुढे मी माझ्याकडचे थोडे पैसे घेऊन गावात गेले. फुलाबाईने घेतले नाहीत. "तुमचा पैसा कोनत्या नात्यानं घेऊ?" म्हणाली आणि जेवून जा म्हणाली. मी जेवले. पुतण्याने घर बांधलं असं कळलं. छताला काय टाकलं ते मी विचारलं नाही. मोह अजून वैशाखातच जातो, पडेल भावाने.

आजकाल पोरं-पोरी फोन घेऊन येतात. काकू, हे अ‍ॅप चांगलं की ते? पीपीएफ ठेवू की काढू? मी सांगते : कर भरत असाल तर करमाफी बघा, नसाल तर ती खूण तुमच्यासाठी नाही. पैसा कधी लागणार ते आधी ठरवा, मग मुदत बघा. दुकानाची रंगरंगोटी बघू नका. एवढं ऐकून ती उठायला लागतात. मी म्हणते, बस, मागे कोणाचं नाव टाकलं ते दाखव. माझ्यासमोर भरल्याशिवाय जाऊ देत नाही. म्हातारी चळली असं म्हणत असतील.

सोमीला जाऊन दोन वर्षं झाल्यावर गावाने तिच्या नावाचा दगड उभा केला. जंगलातल्या काही गावांत अशी रीत आहे, गेलेल्या माणसाचा दगड गावाबाहेर रोवतात. मूलबाळ असेल तर ते खर्च करतात. सोमीचा खर्च अकराजणींनी केला. फुलाबाईने मला निरोप पाठवला, लिहायला या.

दगड माझ्या खांद्याएवढा होता, एका बाजूने सपाट. निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश तयार ठेवला होता. मी वर सोमीबाईचं नाव लिहिलं. विचारलं, आणखी काय लिहू?

फुलाबाई म्हणाली, "खालते आमची लिवा. अकराई जणीची. इथी तं जागा आहे न?"

मी लिहायला बसले. एकेक बाई पुढे येऊन आपलं नाव सांगायची आणि ते होईपर्यंत तिथेच उभी राहायची. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, यावर कोणी बोललं नाही. ऊन डोक्यावर आलं. अकरावं नाव फुलाबाईचं झालं तेव्हा तिने बोटाने ओळी मोजल्या. वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सोमी धरून बारा. आता तुमचं लिवा."

मी म्हटलं, "जागा संपली."

ब्रश डब्यात ठेवला आणि पदराला हात पुसले. फुलाबाईच्या नावाखाली हातभर दगड कोरा होता.